आठ चेंडू

आमच्या गावात माणसं कमी आणि क्रिकेटच्या टीमा जास्त, असं पोस्टात येणारा प्रत्येक जण मला एकदा तरी ऐकवतो. मी शिक्के मारत मारत ऐकून घेते, कारण त्यात माझाही हात आहे. नऊ वर्षांखालची, अकराखालची, तेराखालची, पंधराखालची आणि मुलींची वेगळी, अशा पाच टीमा आहेत आमच्या क्लबच्या. पोराचं नाव घालायचं तर यादीत थांबावं लागतं. आठवडाभर मी पोस्टाच्या काउंटरवर बसते आणि रविवारी तेराखालच्या टीमची स्कोअरर म्हणून बसते. या टीमचा फास्ट बोलर माझा मुलगा. वयाच्या मानाने इतका उंच की सगळे त्याला खांब म्हणतात. चिडले की मीही म्हणते.

स्कोअरर दोन असतात, प्रत्येक टीमचा एक, आणि दोघांनी एकाच टेबलाशी बसायचं. चेंडू झाला की एकाने मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं आणि मग दोघांनी आपापल्या वहीत लिहायचं. बाकी तोंड बंद. कोण आऊट, कोण नाही, यावर ब्रसुद्धा काढायचा नाही. मैदानात तर पाऊलही टाकायचं नाही. तोंड बंद ठेवणं मला उभ्या जन्मात जमलेलं नाही, पण त्या टेबलाशी जमतं.

त्या रविवारी शेजारच्या गावाशी सामना होता. जिंकेल ती टीम फायनलला. त्यांचे स्कोअरर म्हणजे एक म्हातारे घड्याळजी. दुकान केव्हाच बंद केलं होतं, पण डोळ्याला भिंग लावायच्या सवयीने अजून एक डोळा बारीक करून बघायचे. त्यांचा नातू त्या टीममध्ये सगळ्यात छोटा. पोरांनी त्याचं नाव वाटाणा ठेवलं होतं. त्यांच्या नऊ विकेट गेल्या होत्या, सतरा रन हवे होते आणि खेळत होता हा वाटाणा. जोडीला एक जाडा मुलगा होता, त्याला बॅटची कुठली बाजू पुढे धरायची हेही नक्की ठाऊक नसावं.

"बाई, तुमचा खांब आज फारच जोरात टाकतोय," घड्याळजी म्हणाले.

"सकाळी दोन ग्लास दूध रिचवून आलाय," मी म्हणाले. मला अभिमान वाटत होता. खोटं कशाला सांगू?

त्या ओव्हरचा तिसरा चेंडू उसळला. वाटाण्याने मान फिरवली. हेल्मेट त्याला जरा सैल होतं, ते वर सरकलं आणि चेंडू कानाच्या वर बसला. आवाज आमच्या टेबलापर्यंत आला. पोरगं आडवं झालं. माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली आणि मी ती उचलायलाही वाकले नाही.

पण तो उठला. अर्ध्या मिनिटात उठला, कान चोळला, हसलासुद्धा. आमचा कोच त्या टोकाला पंच होता. तो धंद्याने प्लंबर, माणूस देवमाणूस. त्याने विचारलं, "ठीक आहेस ना?" पोरगं म्हणालं, ठीक आहे. घड्याळजींनी टेबलावरून हात केला, "काही होत नाही त्याला! टणक आहे तो!" टाळ्या पडल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. माझ्या मुलाच्या हातून काही झालं नाही, हाच पहिला विचार आला. वाटाण्याचा विचार नंतर.

पुढच्या चेंडूआधी वाटाण्याने पंचांकडे बघून गार्ड मागितला. म्हणजे बॅट स्टंपांच्या बरोब्बर समोर आहे का, हे पंचांना विचारून जमिनीवर खूण करून घ्यायची. खेळायला आल्यावर प्रत्येक पोर हे एकदा करतं. मार बसल्यावर नीट उभं राहायचं म्हणून परत विचारलं असेल, असं मला वाटलं. प्लंबरने बोटाने दाखवलं. चेंडू त्याने नीट अडवला.

"रन नाही," घड्याळजी म्हणाले.

"रन नाही," मी म्हणाले.

मार बसल्यानंतरच्या दुसऱ्या चेंडूआधी त्याने पुन्हा गार्ड मागितला. त्याच सुरात, त्याच शब्दांत. प्लंबरने हसून पुन्हा दाखवला. चेंडू सीमेपार गेला, चार रन. त्यांची माणसं नाचायला लागली. तिसऱ्या चेंडूआधी त्याने परत विचारलं, आणि मी घड्याळजींकडे वळले.

"अहो, तो सारखा गार्ड का मागतोय?" मी विचारलं.

"जपून खेळतोय. माझी शिकवण आहे ती," घड्याळजी म्हणाले. "लिहा, एक रन."

ओव्हर संपली. शेवटच्या चेंडूवर एक रन काढल्यामुळे वाटाण्याने आता होता तिथेच उभं राहून खेळायचं होतं. पण तो चालत पलीकडच्या टोकाला निघाला. जाड्याने त्याची बाही धरून त्याला मागे आणला. सगळे हसले. मी हसले नाही.

आता चेंडू दुसऱ्या टोकाकडून पडणार होते आणि तिथे पंच होते त्यांच्या टीमचे मास्तर. वाटाण्याने त्यांच्याकडे गार्ड मागितला. टोक बदललं, मग त्यांना ते साहजिकच वाटलं. प्लंबरने तीनदा बघितलं होतं, मास्तर आता पहिल्यांदा बघत होते. सगळं मिळून बघत होतो आम्ही दोघंच, टेबलापाशी बसलेलो. घड्याळजींना बघायचं नव्हतं. मला दिसत होतं, आणि मी वहीत चौथ्या चेंडूचं, रन नसल्याचं टिंब काढत होते.

का नाही उठले? हा प्रश्न मी स्वतःला आजवर किती वेळा विचारला असेल याला गणती नाही. वाटाण्याला बाहेर काढला असता तर त्यांचा डाव तिथेच संपला असता आणि आम्ही जिंकलो असतो. बोलरच्या आईने पुढे होऊन चांगला खेळणारा पोरगा बाहेर काढला, असं दोन्ही गावांत वर्षभर चघळलं गेलं असतं. पोस्टात प्रत्येक जण पाकीट सरकवता सरकवता टोमणा मारून गेला असता. ही एक भीती. दुसरी त्याहून वाईट होती. त्याला खरंच काही झालं असेल, तर ते खांबाने केलेलं होतं. मी उठले की ते खरं होणार होतं. बसून राहिले तर कदाचित होणार नव्हतं. इतकी अक्कल असलेली बाई असा विचार करते, पण भीतीपुढे अक्कल चालत नाही.

पाचवा चेंडू, गार्ड मागितला, दोन रन. सहावा, गार्ड मागितला, चार. आता सहाच रन हवे होते. मास्तरही जरा वैतागले होते, "अरे, किती वेळा?" म्हणाले. सातवा चेंडू त्याने सोडून दिला.

"काका," मी म्हणाले, "तो बरा नाहीये. थांबवा त्याला. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

घड्याळजींनी बारीक डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "हरायला आलात म्हणून रडीचा डाव का, बाई?"

झालं. मी मान खाली घालून वही पुढे ओढली.

आठव्या चेंडूआधी वाटाणा पंचांकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने विकेटकीपरकडे गार्ड मागितला. पोरं खो खो हसली. जाड्याने ओरडून त्याला वळवला. तरीही मी तो चेंडू पडू दिला. चेंडू त्याच्या बाजूने गेला आणि त्याची बॅट हललीसुद्धा नाही. ती जमिनीला टेकलेली होती आणि तो तिच्यावर भार देऊन उभा होता.

मग मी उठले. खुर्ची मागे पडली. दोरी ओलांडून मी चपलांसकट मैदानात पळत सुटले, "थांबवा, थांबवा," ओरडत. मागून घड्याळजींच्या शिव्या येत होत्या आणि स्वतः घड्याळजीही येत होते. मी वाटाण्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसले. जाळीच्या आड त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"बाळा, किती रन हवेत रे?"

"माहीत नाही, काकू. मी आत्ताच आलोय खेळायला," तो म्हणाला. "मला गार्ड द्यायला सांगा ना."

घड्याळजी माझ्या मागेच उभे होते. त्यांच्या तोंडातली शिवी अर्धवट राहिली. पोराने माझ्या खांद्यावर ओकारी केली आणि त्याचा डावा पाय मुडपला.

अँब्युलन्सला चाळीस मिनिटं लागणार होती. प्लंबरने आपली गाडी थेट मैदानात आणली, मागचे पाइप आणि पान्हे गवतावर फेकले आणि आम्ही पोराला आत घेतलं. खांब दाराशी आला. तेवढा उंच मुलगा, ओठ थरथरत होते. "आई, मी मुद्दाम नाही टाकला गं."

"हो बाजूला!" मी त्याच्यावर खेकसले आणि दार लावून घेतलं.

वाटेत घड्याळजींनी नातवाचं डोकं मांडीवर धरलं होतं. पोराचा एक डोळा मिटत चालला होता. "वाटाण्या, झोपू नको. वाटाण्या, हे बघ," ते म्हणत होते. दर वळणावर मला वाटायचं, आता याचा श्वास थांबेल. मी त्याचा हात घट्ट धरला होता आणि तो हात माझी बोटं धरत नव्हता. देवाला मी काय काय कबूल केलं ते मलाही आठवत नाही.

हॉस्पिटलमध्ये त्याला लगेच आत नेलं. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मार कधी बसला? त्यानंतर तो शुद्धीवर होता का?"

"पडला तसा उचलून आणला," घड्याळजी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या काखेत स्कोअरबुक होतं. कधी उचललं देवाला ठाऊक. मी म्हणाले, "नाही, डॉक्टर. मार लागल्यावर तो आठ चेंडू खेळला. पहिल्यापासून विसरत होता. दहा-बारा मिनिटं तरी. आणि मग गाडीत पंचवीस."

"नक्की?"

"लिहिलेलं आहे."

त्या धावतच आत गेल्या. कवटीच्या आत रक्त साठत होतं, लगेच ऑपरेशन करायचं होतं. घड्याळजी बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसले. सकाळी जसे बसलो होतो तसेच. भिंतीवरच्या घड्याळाकडे ते एकदाही बघत नव्हते. दरवाजा हलला की मी डोळे मिटून घेत होते.

वाटाण्याची आई कारखान्यातून थेट आली, अंगावर निळा एप्रन, केसांना जाळी. ती कोणावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सासऱ्यांना पाणी आणून दिलं आणि दरवाजासमोर उभी राहिली. दोन तास ती बसली नाही.

दोन तासांनी डॉक्टरीणबाई आल्या. रक्ताची गाठ काढली होती. पोराने डोळे उघडले होते, दोन्ही हात हलवले होते. "जगेल," त्या म्हणाल्या. "बाकीचं हळूहळू बघू. अजून अर्धा तास गेला असता तर काही खरं नव्हतं."

घड्याळजींनी हात जोडले. वाटाण्याची आई आधी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी राहिली, मग माझ्याजवळ येऊन बसली.

"तुम्ही थांबवलंत ना सामना? बाबांनी सांगितलं," ती म्हणाली. "उपकार झाले तुमचे."

मला ते सहन होईना. "उपकार म्हणू नका. मी उशिरा उठले."

तिने माझ्या मांडीवरचं पुस्तक घेतलं आणि उघडलं. मी तिला ती ओळ दाखवली: टिंब, चार, एक, टिंब, दोन, चार, टिंब, टिंब. ती एकेका खुणेवर बोट ठेवत गेली.

"लक्षात कधी आलं तुमच्या?"

"दुसऱ्याला शंका आली. तिसऱ्याला खात्री झाली."

"आणि उठलात?"

"आठव्यानंतर."

तिने शेवटच्या टिंबावर बोट तसंच ठेवून विचारलं, "तुमचा मुलगा खेळत असता तर तुम्ही कितव्या चेंडूला उठला असतात?"

"तो पडला तेव्हाच," मी म्हणाले. "पुढचा चेंडू पडूच दिला नसता."

तिने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि उठून आपल्या मुलाकडे गेली.