विहिरीची माती

सुतारानं कुदळ टेबलावर आपटली तेव्हाच मी ओळखलं, आजचं व्याख्यान काही सुखासुखी पार पडत नाही.

मास्तर रिटायर झाले आणि त्यांना गावाच्या इतिहासाचं खूळ लागलं. रानातली कामं आटोपली, वारं तापलं, ढेकळं फुटेनाशी झाली की माणसं गोळा करायची आणि शाळेच्या व्हरांड्यात बोलायचं. आजचा विषय गावची विहीर. ती कुणी खणली यावरून सुतार आणि लोहार यांच्यातून विस्तव जात नाही. दोघांचे आजोबा विहिरीत उतरले होते एवढं खरं. पण पाणी कुणाच्या घावाला लागलं? विहिरीला तोंड केवढं मोठं, पण सांगायला जीभ नाही.

माझी आत्या सकाळपासून माझ्या मागं लागली होती. "मास्तरांना सांग, दोन शब्दांत माझ्या आईचंही नाव काढा म्हणावं. तीही राबली आहे त्या विहिरीवर."

मी सांगितलं. मास्तर म्हणाले, "बघू, वेळ उरला तर." सुतार आणि लोहार समोरासमोर बसल्यावर वेळ उरतोय होय! मला राग आला, पण त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, तोंड उघडेना.

"ही माझ्या आजोबांची कुदळ," सुतार म्हणाला. "हिच्याच घावानं झरा फुटला."

लोहारानं कुदळ उचलली, उलटीपालटी करून परत ठेवली. "अरे, हे पातं मी घडवलंय. गेल्या पेरणीआधी तूच नेलंस की!"

सगळा व्हरांडा हसला.

"पातं तुझं असेल, दांडा आजोबांचा आहे!"

"मग तुझे आजोबा दांड्यानं खणत होते का?"

मास्तरांनी टेबल बडवलं. "इतिहास म्हणजे भांडण नव्हे!"

"मग आमच्या गावाला इतिहासच नाही म्हणा," मागून कुणीतरी बोललं.

तेवढ्यात आत्या गुडघ्यावर हात टेकत उठली. "मास्तर, एक विचारू?"

"विचारा की."

"एवढी खोल विहीर. ह्यांच्या आजोबांनी खणली, कबूल. मग माती कुठं गेली?"

विहिरीच्या काठी तर साधा उंचवटासुद्धा नाही.

"गेली असेल कुठंतरी," लोहार पुटपुटला.

"माती आपल्या पायानं जात नाही, बाबा. ती बायकांनी डोक्यावरून वाहिली. माझ्या आईनं, तुझ्या आजीनं, ह्याच्या आजीनं. पाटीखाली आईच्या डोक्याचे मधले केस झडले ते पुन्हा आलेच नाहीत. मी तिची वेणी घालायचे तेव्हा ती जागा बोटांना लागायची." आत्यानं पायानं जमीन दाखवली. "इथं तेव्हा डबकं होतं. त्यात ती सगळी भर पडली आणि मग वर ही शाळा उभी राहिली. तुम्ही बसलात कशावर, ते तरी बघा."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सुतारानं तर पाय उचलून बाकावर घेतले. मला आत्याचा असा अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणीच आलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "कुणी खणली तेवढंच विचारत फिरलो मी," ते म्हणाले. "वाहिली कुणी, हे विचारायचं राहिलंच."

पण आमच्या गावाला गप्प बसणं झेपत नाही.

सुतार खाकरला. "माझी आजी धिप्पाड होती बरं का. सगळ्यात जास्त पाट्या तिच्याच असणार."

"हॅट्! तुझी आजी? दारातून चुलीपर्यंत जाताना दम लागायचा तिला! पाट्या वाहाव्यात तर माझ्या आजीनं!"

कुदळ राहिली टेबलावर आणि दोघं पुन्हा एकमेकांच्या अंगावर धावले. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

मी आत्याला खाली बसवलं. "घ्या! आता आज्यांवरून जुंपली."

"जुंपू दे रे," आत्या पदरानं तोंड पुसत म्हणाली. "त्या बिचाऱ्यांसाठी आजवर कुणी भांडलंच नव्हतं."