दोनदा दाबायचा ब्रेक

गाडी एका दातांच्या डॉक्टरणीकडून घेतलेली, म्हणून घरात तिचं नाव डॉक्टरीण. घेतली तेव्हाही ती तरुण नव्हती. थोरली तेव्हा शाळेत होती. आता थोरलीचं शिक्षण संपून ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती, आणि डॉक्टरीण फाटकाच्या आत तशीच उभी होती.

ती टिकली ती बाबांमुळे. बाबांनी आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट सांभाळल्या. लिफ्टमध्ये जरा खुट्ट झालं तरी बाबा ती बंद करत आणि रहिवाशांनी कितीही शिव्या घातल्या तरी दुरुस्तीशिवाय सोडत नसत. घरच्या गाडीला मात्र वेगळा न्याय होता. तिचं काही बिघडलं की बाबा बोनेट उघडून बराच वेळ बघत, हात पुसत आत येत आणि उपाय सांगत. उपाय म्हणजे दुरुस्ती नव्हे. बिघाड तसाच ठेवून गाडी कशी चालवायची, ते. उपाय सगळ्या घराने पाठ करायचा.

काच वर घेताना एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने काच ओढायची. तिसरा गियर निसटतो, त्याला गुडघ्याचा टेकू द्यायचा. चढावर इंजिन तापलं की हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे उष्णता आत येते आणि इंजिन निवतं. आतली माणसं शिजतात, पण ती घरचीच असतात. पुढचं डावं दार आतून उघडत नाही, चालवणाऱ्याने उतरून बाहेरून उघडायचं. आणि ब्रेक दोनदा दाबायचा. पहिल्यांदा पेडल नुसतंच खाली जातं, दुसऱ्यांदा धरतं.

"अहो, ब्रेक तरी दुरुस्त करून घ्या," आई म्हणे.

"लागतो ना?"

"दुसऱ्यांदा लागतो."

"सवय झाली की फरक कळत नाही."

"भिंतीला कळेल," धाकटी मागून म्हणे.

थोरली याच गाडीवर शिकली. परवाना काढला त्या दिवशी परीक्षा घेणाऱ्याने तिला मैदानात एक फेरी मारायला लावली आणि सही केली. त्यानंतर तिने दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावलाच नव्हता.

मग प्रयोगशाळेने घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेण्याचं काम सुरू केलं. गाडी प्रयोगशाळेची, चालवायची स्वतः. ही जागा थोरलीला हवी होती. बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या डकवून तिला वीट आला होता. दिवस मावळला की नाही हेही घड्याळात बघून कळायचं. अट एकच होती: गाड्यांचे प्रमुख शेजारी बसतील, त्यांना गाडी चालवून दाखवायची.

प्रमुख जाडजूड आणि कमी बोलणारे होते. गाडी कोरी होती. पहिल्या सिग्नलला थोरलीने नेहमीसारखा पाय टाकला, पहिला दणका जमिनीपर्यंत. गाडी जागच्या जागी थांबली. प्रमुखांचं कपाळ समोरच्या काचेपर्यंत जाऊन परत आलं आणि मागची नमुन्यांची रिकामी पेटी सीटखाली गेली. थांबलेल्या गाडीत थोरलीने आणखी एकदा ब्रेक दाबला.

"मांजर आडवं आलं का?"

"नाही सर."

"मग दुसऱ्यांदा कशाला दाबलात?"

पुढे तिसरा गियर पडला आणि तिचा गुडघा आपोआप दांड्याला जाऊन टेकला. चढ लागताच हाताने हीटर सोडला. दुपारची वेळ होती.

"ताई, थंडी वाजतेय तुम्हाला?"

तिने हीटर बंद केला. प्रमुखांनी घाम पुसत तिला काच खाली घ्यायला सांगितलं. वर घेताना तिचा तळवा काचेला चिकटला, तोही त्यांनी पाहिला. परत आल्यावर ती घाईने उतरली, वळसा घालून गेली आणि त्यांचं दार बाहेरून उघडून उभी राहिली.

प्रमुख सावकाश उतरले. "तुम्हाला गाडी चालवता येत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला तुमच्या घरची गाडी चालवता येते. पुढच्या आठवड्यात पुन्हा या. तेव्हाही असंच झालं तर दुसऱ्या कुणाला घेईन."

घरी येऊन थोरलीने पर्स सोफ्यावर आपटली.

"बाबा, गाडी दुरुस्त करा. सगळी. मला नीट गाडीवर हात बसवायचाय."

"तिचं काय वाईट आहे? नव्या गाडीत एकदा दाबायचा, हिच्यात दोनदा. एवढं लक्षात राहत नाही?"

"लक्षात राहतं. पाय ऐकत नाही."

"पायाला सांग."

"लिफ्टमधल्या लोकांना सांगत होतात का तुम्ही, की दार दोनदा आपटा, मग लिफ्ट पडणार नाही?"

बाबा म्हणाले, "लिफ्ट लोकांची असते."

"आणि गाडीत कोण बसतं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. त्यावर ते बाहेर जाऊन डॉक्टरणीच्या चाकांत हवा बघू लागले.

थोरली मामाकडे राहायला गेली. मामाची गाडी चांगली होती आणि मामा बडबड्या होता. रोज संध्याकाळी तो शेजारी बसायचा आणि तिचा गुडघा सरकला की त्यावर वर्तमानपत्राची गुंडाळी मारायचा. "हात स्टिअरिंगवर! काचेला काय कुरवाळतेस? सासरची आहे का ती?" रागाने थोरलीच्या डोळ्यांत पाणी यायचं. एवढी वर्षं तिने जे शहाणपण म्हणून पाठ केलं होतं, ते एकेक करून अंगातून उपटून काढायचं होतं, आणि ते उपटताना ज्यांनी ते शिकवलं त्यांचाच राग यायचा.

दुसऱ्या वेळी प्रमुख पट्टा घट्ट आवळून आणि एक हात समोर टेकवूनच बसले. तो हात त्यांनी चढ संपल्यावर खाली घेतला. उतरताना दार स्वतः उघडलं. "सोमवारपासून," एवढंच म्हणाले.

तिला मामाकडून आणायला बाबा डॉक्टरीण घेऊन आले. ते खूश होते. "बघ, झालं ना? उगाच बोल लावत होतीस तिला. चल, तूच चालव."

तिला नको होतं, पण ती बसली. रस्ताभर गियर निसटत राहिला आणि बाबा सूचना देत राहिले. घराचं फाटक बंद होतं. थोरलीने ब्रेक दाबला. एकदा, हलकेच, नीट.

पेडल खाली गेलं. डॉक्टरीण फाटकावर जाऊन धडकली आणि उजवा दिवा फुटून खाली पडला.

आई आणि धाकटी धावत बाहेर आल्या. कुणाला काही लागलं नव्हतं. थोरली उतरली आणि फुटक्या काचेकडे बघत उभी राहिली.

"दोनदा!" बाबा आतून ओरडले. "माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं. पाय विसरला." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "विसरला एकदाचा."

बाबांनी खिडकीतून मान काढून दिव्याची जागा न्याहाळली. त्यांचा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा झाला. "काही विशेष नाही. टेप लावू. फक्त अंधारात जाताना जरा डाव्या बाजूने धरून..."

"बाबा, नवा उपाय सांगू नका," थोरली म्हणाली. "मी पाठ करणार नाही."

"बरं. धाकटे, तू ऐक..."

"मी मामाकडेच शिकणार."

बाबांनी आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," आई म्हणाली. "मी यापुढे या गाडीत बसणार नाही."

बाबा आतच बसून राहिले. बाहेरून कुणी जोर लावून ओढल्याशिवाय त्यांचं दार उघडत नव्हतं आणि तिघींपैकी कुणी पुढे होत नव्हतं. त्यांनी काच वर घ्यायला बटण दाबलं, दुसरा हात सवयीने काचेपर्यंत गेला. मग तो त्यांनी मांडीवर परत ठेवला. काच अर्ध्यावर अडकली.

"गॅरेज किती वाजेपर्यंत उघडं असतं?" त्यांनी त्या फटीतून विचारलं.

थोरली पुढे झाली आणि तिने दार उघडलं. उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.