पळसाखाली झाकलेली गाय

मित्रांनो, नाकावरचा रुमाल आधी काढा. मी एक म्हातारं गिधाड आहे आणि माझ्या अंगाला वास येत नाही. जेवण झालं की अडाण नदीच्या डोहात पंख धुतल्याशिवाय मी झाडावर जात नाही. डोक्यावर पिसं नाहीत म्हणून तुम्ही मला टकल्या म्हणता. म्हणा बापडे! ज्याला रोज मेलेल्या ढोरात मान घालायची आहे, त्यानं डोक्यावर झुपके ठेवून कसं भागेल? तुमच्या लग्नात मला कोणी बोलावत नाही, त्याचं मला काडीचंही दुःख नाही. दुःख आहे ते भुरीबाईच्या गाईंचं आणि माझ्या माणसांचं. हो, गिधाडांनाही आपली माणसं असतात. तेच सांगायला आज बसलो आहे.

बोरी अरबच्या पलीकडे नदीकाठी एक जुनी काटेसावर आहे. तिच्या शेंड्यावरच्या घरट्यात मी अंड्यातून बाहेर आलो. आमच्यात वर्षाला एकच अंडं. कोंबडीसारखा पसारा आम्हाला परवडत नाही. त्या एका पिल्लासाठी आईबाप पाळी लावतात. एक घरट्यावर बसतो, दुसरा पोट भरून आणतो. माझ्या आईनं मला पहिली शिकवण दिली ती पाहण्याची. आपल्याला नाक नाही, डोळे आहेत, हे ती मला रोज बजावायची. उन्हं तापली की वर जायचं, आणि खाली काय पडलं आहे ते पाहायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरं गिधाड कुठं उतरतं ते पाहायचं. एक उतरलं की दुसरं त्याच्याकडे येतं, दुसऱ्याला पाहून तिसरं. अशानं पार दारव्ह्याच्या पलीकडचे भाऊबंदही घटकाभरात पंगतीला हजर होतात.

सावरीच्या खाली, हाकेच्या अंतरावर, लमाणांचा तांडा होता. यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. रेल्वे आली, तो धंदा बसला आणि माणसं जमिनीवर ज्वारी-कपाशी पेरू लागली. पण गाईंचा लळा काही सुटला नाही. या तांड्यातल्या हिरासिंगची म्हातारी आई भुरीबाई, तिचा जीव तर शेतापेक्षा गोठ्यात. तिच्या कळपाच्या पुढे धोळी नावाची पांढरीशुभ्र गाय चाले. तिच्या गळ्यातली घाट, म्हणजे मोठी घंटा, वाजली की बाकीच्या गाई मुकाट्यानं मागे येत. भुरीबाई म्हणायची, धोळी आहे तोवर तांडा आहे.

या म्हातारीची आणि माझी ओळख आभाळातून. रानात चरायला गेलेली गाय परतली नाही, तर बाकीचे लोक काठ्या घेऊन धावत. ही मात्र अंगणात उभी राहून डोळ्यांवर हात धरी.

"वर पाय, हिरा," ती लेकाला सांगे. "पाखरं कुठं उतरून राह्यले? तिकडंच असंन आपली गाय."

आणि गाय तिथंच असे. मग ती माझ्याकडे बघून हात जोडी. मित्रांनो, आयुष्यात मला नमस्कार करणारी ती एकटीच बाई.

आता आमचं काम काय, ते ऐका, म्हणजे पुढचं समजेल. गवत गाईच्या पोटात जातं. गाय मरते किंवा बिबट्या तिला मारतो. तो त्याचा वाटा घेतो, कोल्हा त्याचा घेतो, उरलेलं आम्ही. सडायला वेळच देत नाही. आमच्या पोटात असा अग्नी आहे की रोगाचं बीज तिथं जळून जातं. मागे राहिलेली हाडं उन्हापावसात झिजतात, किडे-भुंगे उरलंसुरलं मातीत नेतात, आणि त्याच मातीतून पुन्हा गवत येतं. या फेऱ्यात कोणी मोठा नाही, कोणी हलका नाही. फक्त कोणी मध्येच नाहीसं झालं की फेरा तिथं अडतो.

गावातली मेलेली ढोरं ओढण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात बांधलं होतं, त्यांनी छप्पन साली ते झुगारून दिलं. बरंच केलं. आमचं काम आम्हाला पोटाबरोबर मिळालं आहे, त्यांच्यावर ते माणसांनी लादलं होतं. त्यानंतर ज्याची गाय त्यानंच ओढायची, अशी रीत गावात पडली. तांड्यात ती आधीपासूनच होती. माळावर गाय टाकायची आणि घरी जाऊन आंघोळ करायची, बाकीचं आमच्याकडे. मातीत एक खड्डा म्हणून कोणी खणला नाही, कारण गरजच पडली नाही.

मग रानाला ओहोटी लागली. साग तुटला, बंदुका आल्या, चितळं आणि हरणं दिसेनाशी झाली. बिबट्यानं तांड्याचा रस्ता धरला. साठ सालच्या पौषात त्यानं हिरासिंगची एक गाभण गाय माळावर पाडली आणि थोडी खाऊन निघून गेला. हिरासिंगचं डोकं फिरलं.

"याडी, यानं यंदा अर्धा गोठा खाल्ला," तो आईला म्हणाला. "उद्या धोळीले नेईन. आता त्याले सोडत नाही मी."

"त्याचे हरणं तुमीच खाल्ले," भुरीबाई म्हणाली. "आता तो गाय नाही खाईन तं काय गवत खाईन?"

पण धोळीचं नाव काढलं आणि म्हातारी आतून हलली. हिरासिंग बोरीला किसनरावांकडे गेला. किसनराव कपाशीचे मोठे शेतकरी, स्वभावानं भले. त्यांनी कपाशीवर मारून उरलेलं किडीचं औषध काढून दिलं.

"घेऊन जाय," ते म्हणाले. "हात मात्र चांगले धू. हे पोटात गेलं तं वाघही उठत नाही."

बाटली पाहून भुरीबाईनं पहिला प्रश्न आमचाच केला. "अन् पाखरायनं खाल्लं तं?"

मग उत्तर तिनंच काढलं. लमाणांच्या बाया रानात वाढलेल्या, त्यांना आमची खोड माहीत. "वाघ शिकार झाकून ठेवते, तशी झाकू," ती म्हणाली. "गिधाडाले नाक नसते. दिसलं नाही तं उतरत नाही. बिबट्या रातच्याले येईन, खाईन अन् मरंन. सकाळी आपून गाय पुरून टाकू."

मायलेकांनी मांसावर औषध ओतलं. भुरीबाईनं स्वतः विळ्यानं पळसाच्या फांद्या तोडल्या आणि गाय अशी झाकली की वरून मला नुसती हिरवी झुडपं दिसली. तिची समजूत शंभर टक्के खरी होती, मित्रांनो. फक्त रानात आम्ही आणि बिबट्या एवढे दोघेच राहत नाही, हे ती त्या दिवशी विसरली. बिबट्या आला, त्यानं हुंगलं आणि त्या वासानं निघून गेला. मागून कोल्हे आले. त्यांनी फांद्या ओढल्या, पोटभर खाल्लं आणि तिथंच आडवे झाले. उजाडताच कावळे ओरडू लागले, आणि कावळ्यांचा घोळका म्हणजे आम्हाला आवतणच.

घरट्यावर बसायची पाळी त्या दिवशी माझी होती. पंखाखाली पिल्लू होतं, नुकतं डोळे उघडलेलं. माझी जोडीण वर गेली, फिरली आणि माळावर उतरली. तिला पाहून दुसरं उतरलं, त्याला पाहून तिसरं. आईनं शिकवलेली ती आमची सगळ्यात चांगली खोड. चारी दिशांनी भाऊबंद आले. मी घरट्यातून पाहत होतो आणि खरं सांगू, मला आनंद झाला होता. बऱ्याच दिवसांनी अशी पंगत बसली होती.

ती परत आली, पिल्लाला भरवलं आणि फांदीवर बसली. थोड्या वेळानं तिची मान लोंबू लागली. पंख थरथरले आणि ती खाली पडली. पिल्लू संध्याकाळपर्यंत माझ्या पंखाखाली तडफडलं, मग शांत झालं. मी वाचलो, कारण माझी जेवायची पाळी नव्हती. त्या जगण्यात माझी काहीच करामत नाही.

माळ आमच्या मढ्यांनी काळा झाला होता. भुरीबाई आली आणि खालीच बसली.

"हिरा," ती एवढंच म्हणाली, "हे आपून काय केलं रे?"

हिरासिंगनं बाटली पुरली, गाय पुरली, आम्हालाही पुरलं. त्याच्या हाताला फोड आले, तरी तो खणत राहिला.

बिबट्या? तो मजेत होता. पुढच्याच आठवड्यात त्यानं पलीकडच्या तांड्यातली शेळी नेली.

आभाळ रिकामं झालं, पण खालची जागा रिकामी राहत नाही. मेलेली ढोरं माळावर सडू लागली, तेव्हा गावोगावची कुत्री तिथं जमली. खाऊन माजली, व्याली आणि वासरांच्या अंगावर जाऊ लागली. कुत्र्यांनी तोडलेले तुकडे नाल्यापर्यंत पसरले. आमच्यासारखं साफ करणं त्यांना कुठून येणार? तांड्याची माणसं मात्र जुन्या सवयीनं गाय माळावर टाकत आणि वर बघत घरी जात. येतील, आज नाही तर उद्या येतील, असं म्हणत. कोणी आलं नाही.

पोळ्याच्या सुमारास नाल्याला पूर आला. माळावरची घाण त्यात धुऊन आली आणि त्याच नाल्यावर तांड्याच्या गाई पाणी पीत. ढोरांना फाशीचा, म्हणजे काळपुळीचा, रोग लागला. सकाळी चरणारी गाय संध्याकाळी पाय झाडून मरे. पोळ्याला बैल सजले नाहीत. आणि एक दिवस घाट वाजली नाही. धोळी गोठ्यातच गेली.

हिरासिंगनं तिला माळावर ओढून नेलं. भुरीबाई मागून आली आणि गाईच्या उशाशी बसली. दिवसभर ती दगड मारून कुत्री हाकलत होती आणि वर पाहत होती. मी वरच होतो. मला गाय दिसत होती, पोटात आग पडली होती, पण त्या माळावर उतरायची माझी छाती होत नव्हती. जोडीणही इथंच उतरली होती.

उन्हं कलली तेव्हा भुरीबाई उठून उभी राहिली. तिनं गाईवरून मोकळे हात फिरवले आणि ते वर करून मला दाखवले.

"ये रे बापू," ती लमाणांच्या संताची शपथ घेत म्हणाली. "सेवाभायाची आण हाय, याच्यात काही नाही. खरंच काही नाही."

मी उतरलो. का उतरलो, ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. तिनं मला नमस्कार केला होता, एवढंच असेल. दोन घास घेतले आणि सवयीनं मान वर केली. पूर्वी मी उतरलो की आभाळाच्या कडांवर ठिपके दिसत आणि मोठे होत येत. त्या दिवशी ठिपका नव्हता. भुरीबाईही तिकडेच पाहत होती.

"एकलाच हायेस काय रे तू?" तिनं विचारलं, आणि तोंडाला पदर लावून रडली.

मी पोट तुडुंब भरलं. पण मित्रांनो, एका गिधाडानं गाय संपत नाही. अंधारायच्या आत हिरासिंग कुदळ घेऊन आला आणि त्या खडकाळ माळात धोळीसाठी खोल खड्डा खणू लागला.

त्याला काही वर्षं झाली. भुरीबाई आता नाही. तांड्यात थोड्या गाई उरल्या आहेत आणि घाट गोठ्याच्या खुंटीला टांगलेली आहे. पैनगंगेकडून एक जोडीण उडत आली, तिनं मला म्हाताऱ्याला पत्करलं, आणि यंदा सावरीवर पुन्हा एक अंडं आहे. एकच. त्यातलं पिल्लू मोठं होईल, उन्हं तापल्यावर वर जाईल आणि मी शिकवलं तसं मला पाहून खाली उतरेल. दुसरं काही शिकवायला माझ्याजवळ नाही. तेव्हा मित्रांनो, तुमचा राग बिबट्यावर असो, कुत्र्यावर असो, कोणावरही असो, एवढं करा. ते उतरेल तिथं नुसती मेलेली गाय असू द्या. तिच्यावर काही ओतू नका. झाकूही नका.