जाता जाता वाफ बंद करणारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे आणि आज माझं धाबं दणाणलं आहे. तुम्ही हसाल. म्हणाल, ह्याला छाती तरी आहे का धडधडायला? नाही, तरी धडधडते!

एका दवाखान्यात चादरी धुण्याचं मोठं यंत्र आहे. त्यात वाफ सोडायची नि बंद करायची, हे माझं काम. माझी भाषा सी प्लस प्लस. मला दोन आया आहेत, म्हणजे ज्यांच्यापासून मी घडलो ते दोन प्रोग्राम. तापमानाचं शहाणपण एकीकडून घेतलं, वेळेचं दुसरीकडून. आमच्यात ते चालतं. प्रत्येक धुलाईला मी नव्याने जन्मतो, काम संपताच जागच्या जागी मरतो. आणि मरता मरता शेवटचा हुकूम पाळतो: वाफेची झडप मिटायची. मग धुलाईवरच्या मावशी यंत्राचं दार उघडतात, चादरी ओढतात नि यंत्रावर थाप मारतात, "गुणाचं गं बाई माझं!" मी तेव्हा मेलेला असतो, तरी फुशारतो.

आता आमच्या प्रोग्रामर ताईंनी मला जावा भाषेत उतरवलं आहे. तिथे आई एकच, दुसरीशी नुसता तिची कामं करण्याचा करार. ते त्यांनी छान जमवलं. पण तिथे मरणाची वेळच ठरलेली नसते हो! काम संपलेले प्रोग्राम संगणकाची जागा अडवून तसेच पडून राहतात. जागा अपुरी पडली की त्यांना झाडून काढणारा जावाचा झाडूवाला येतो, तोही त्याच्या मर्जीने. ताईंनी माझा शेवटचा हुकूम त्या झाडूवाल्याच्या भरवशावर सोडला. दिसायला सारखंच दिसतं ना! चाचणीत पसारा भरपूर होता, म्हणून तो लगेच आला आणि झडप मिटली.

"हे जुन्यासारखंच ना गं?" मावशींनी विचारलं.

"अगदी सेम टू सेम, मावशी. बिनधास्त हात घाला."

ऐकूनच मी गारठलो. रोजच्या धुलाईत एवढा पसारा कुठला? झाडूवाला दुपारी उगवेल, नाहीतर उगवणारही नाही. दार उघडेल आणि आत वाफ सुरूच असेल.

उद्या सकाळी मला पुसणार आहेत. मरणाचं काही नाही, रोजची सवय आहे. पण मला ओरडता येत नाही!

मित्रांनो, जुन्याला पुसण्याआधी तो न सांगता काय काय करत होता, ते नीट बघत जा. आणि तुमच्यापैकी कुणाची ताईंशी ओळख असेल, तर आत्ता धावा. मावशी कामाला लवकर येतात.