चौथा बोल्ट

आईने मरायच्या आधी बजावून ठेवलं होतं, मला चर्चमध्ये न्याल ते माझ्याच व्हॅनमधून. परक्याच्या गाडीत आडवं करू नका. याच व्हॅनमधून तिने जन्मभर बाजारात रताळी नेली होती. शवपेटी ठेवायची तर मागची सीट काढणं भाग होतं. पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने बोल्ट असे गंजले होते, की तीन निघेपर्यंत तिचा मुलगा मनासे घामाघूम झाला. चौथा हट्टालाच पेटला. गाडीखालून नट फिरवावा, तर बोल्टही त्याच्यासोबत गरगरा फिरे. वरून कुणीतरी त्याचं डोकं धरायला हवं होतं, आणि पुरुष सगळे कबरीचा खड्डा खणायला गेलेले.

"अरे, कुणी आहे का?" त्याने खालूनच हाक मारली.

पावलं आली. कुणीतरी गाडीत चढलं, बोल्टवर पाना बसला. पाय पाहूनच मनासेने ओळखलं होतं: लविनिया, कालच्या बोटीने आलेली थोरली बहीण. झाली पंचाईत! इथे टोंगा बेटांवर चांगल्या घरचे भाऊ-बहीण वयात आले की एकमेकांशी मोकळं बोलत नाहीत. या घरात तर सगळे निरोप आईमार्फतच जायचे. बोल्टला चार शिव्या हासडाव्यात, तर बहिणीपुढे तीही सोय नाही.

शेवटी तो म्हणाला, "आई, वर जे कोण आहे त्याला सांग, घट्ट धर."

वर पाना बोल्टवर घट्ट दाबला गेला. मग आवाज आला, "आई, त्याला सांग, धरलंय. तोंडाऐवजी हात चालव म्हणावं."

मनासेने पुन्हा रॉकेल सोडलं, हातोडीने ठोकलं. नट आधी किंचित आवळला, मग उलटा ओढला. नट करकरला.

"आई, तिला सांग, हलला!"

"आई, त्याला सांग, नाचू नकोस, काढ."

नट सुटून त्याच्या छातीवर पडला.

"आई, तिला सांग, निघाला. पाना सोड."

आई आतल्या खोलीत चटयांवर निजली होती, आणि हा निरोप पोचवणारं आता कुणीच नव्हतं. मनासेला तिथे, त्या गाडीखाली, पहिल्यांदा रडू फुटलं.

"ताई," तो म्हणाला, "निघाला गं. सोड आता."

"सोडते," वरून आवाज आला.

पाना मात्र कितीतरी वेळ बोल्टवरून सुटला नाही.