आर्डिथच्या नावाच्या वड्या

जनेलची सासू आर्डिथ जाऊन वर्षही झालं नव्हतं, तोच तिचा वाढदिवस आला. ऑक्टोबर संपत आला होता. इलिनॉयमधल्या त्या गावाभोवतालची मक्याची शेतं कापणीला आली होती आणि दारोदारच्या पायऱ्यांवर भोपळे येऊन बसले होते. जनेलचा नवरा सकाळीच कापणीयंत्रावर निघून गेला. घरात उरली जनेल, तिचे सासरे व्हर्लिन आणि त्यांचा म्हातारा शिकारी कुत्रा ह्युबर्ट.

व्हर्लिननी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जनेल, आज तिच्या भोपळ्याच्या वड्या करशील का गं? तू बघितलंयस तिला करताना."

जनेल हो म्हणाली. नाही कशी म्हणणार? पण व्हर्लिनना मधुमेह होता. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डाव्या पायाचं बोट काढावं लागलं होतं, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की असंच चाललं तर पुढच्या वेळी पाऊल जाईल. त्याच दिवशी जनेलने घरातली साखर, मध, जॅम, सगळं उचलून चर्चमध्ये गरजूंसाठी देऊन टाकलं. तेव्हापासून तिच्या स्वयंपाकघरात गोडाला थारा नव्हता.

आणि आर्डिथच्या वड्या म्हणजे नुसता मैदा आणि साखर. वर क्रीम चीजचा बोटभर थर, त्यातही साखर. त्या बाईचा हात सढळ होता.

जनेलने बदामाचं पीठ घेतलं. साखरेऐवजी बर्चच्या झाडापासून काढतात ती पूड घेतली. चवीला गोड, पण रक्तातली साखर फारशी चढत नाही. भोपळ्याच्या गराचा डबा फोडला, दालचिनी घातली, लवंग घातली, वरचं क्रीम चीजही त्याच पुडीने गोड केलं. सगळं गुपचूप, कपाटाचं दार आडवं धरून, जणू चोरीचा माल लपवते आहे. खरं तर सरळ सांगता आलं असतं, की डॅड, या तुमच्या तब्येतीच्या बेताने केल्यात. पण मग म्हातारा हिरमुसला असता. शिवाय, हे ती स्वतःशीसुद्धा धड कबूल करत नव्हती, पण तिला सासूशी बरोबरी साधायची होती. एकदा तरी त्या घरात कुणीतरी म्हणायला हवं होतं, की जमलं तुला.

वड्या निवल्यावर तिने दोन बशीत घातल्या. "घ्या. आर्डिथच्या वड्या, जशाच्या तशा!"

व्हर्लिननी एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. जनेल फडकं हातात धरून समोर उभी. परीक्षेचा निकाल लागावा तशी त्यांच्या तोंडाकडे टक लावून.

"हुबेहूब," ते शेवटी म्हणाले. "तिच्याच."

जनेल फुलून गेली. भांडी धुवायला आत गेली आणि परत आली तर बशी चाटूनपुसून स्वच्छ! "आणखी आहेत का?" व्हर्लिननी विचारलं. तिने आणखी दोन दिल्या. त्याही बघता बघता गेल्या. खोटं बोलल्याची टोचणी होती, पण आनंदापुढे ती बोथट होत होती. तिने मनाची समजूत घातली की यात कुणाचं काय बिघडलं?

तासाभराने ह्युबर्ट टेबलाखालून उठला. दोन पावलं चालला आणि त्याची मागची तंगडी दुमडली. पुन्हा उठला, झिंगल्यासारखा झुलला आणि गालिच्यावर भडाभडा ओकला.

जनेल पुसायला वाकली आणि तिथेच थिजली. केशरी रंग. दालचिनीचा वास. साखरेऐवजी घातलेल्या त्या पुडीच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत छापलं होतं की कुत्र्यांपासून दूर ठेवा. तिने ते वाचलं होतं. आपण कुठे कुत्र्याला घालणार आहोत, म्हणून सोडूनही दिलं होतं.

"काय झालं गं याला?" व्हर्लिन खुर्चीतून अर्धवट उठले.

"काही खाल्लं का त्याने, डॅड?"

"छे! काही नाही." पण ते खिडकीबाहेर बघत बोलले.

ती समजली. सगळं समजली. आणि तरीही तिच्या तोंडून बाहेर पडलं, "वय झालंय त्याचं. पडू दे जरा, बरं वाटेल."

पुढे कितीतरी दिवस हे वाक्य तिला आठवून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका जिवाचं काय होतंय हे माहीत असताना ती स्वतःची लाज झाकत उभी राहिली, पुसायचा ओला कागद हातात घेऊन. किती वेळ, हे तिला कधीच सांगता आलं नाही. फार नसेल. पण होता.

मग ह्युबर्ट कुशीवर पडला आणि त्याचे चारही पाय ताठ होऊन थरथरू लागले.

"डॅड, त्याने वड्या खाल्ल्या! तुम्ही दिल्यात त्याला! त्यात साखर नव्हती हो, मी खोटं बोलले. त्यात जे आहे ते कुत्र्याला विष आहे!"

व्हर्लिनचा चेहरा पांढराफटक पडला. "सगळ्या दिल्या," ते म्हणाले. "चारही. भोपळा त्याच्या पोटाला चांगला, म्हणून रोज देतोच की मी. मला वाटलं..."

जनेलने जनावरांच्या दवाखान्याला फोन लावला. रविवारी एकच उघडा असायचा, तो शेजारच्या शहरात. पलीकडच्या बाईने भराभर सांगितलं: त्याची साखर एकदम खाली गेली असणार, झटका ओसरला की मध किंवा पाक बोटाने हिरड्यांना चोळा आणि लगेच घेऊन या.

मध? पाक? जनेलने एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं. बदामाचं पीठ, जवस, व्हिनेगर. त्या टापटीप स्वयंपाकघरात चिमूटभर साखर नव्हती, आणि ही तिचीच कर्तबगारी. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"थांब," व्हर्लिन म्हणाले. लंगडत मागच्या दाराशी गेले, आपल्या रबरी बुटात हात घातला आणि मधाची बाटली बाहेर काढली. अर्धी संपलेली. "काही बोलू नकोस आत्ता."

ह्युबर्टचे पाय सैल पडल्याबरोबर तिने गाडीची किल्ली उचलली.

सबंध रस्ता ती गाडी पळवत होती आणि मागे व्हर्लिन कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन, बोटाने मध चोळत, "ए गाढवा, ए बाबा, डोळे उघड की," असं पुटपुटत होते. दवाखान्यात दोघांनी ह्युबर्टला आत नेलं. तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, "नक्की काय खाल्लं?" जनेलने पुडीचं नाव सांगितलं, किती चमचे तेही सांगितलं. काही लपवलं नाही. आता लपवून काय होणार होतं?

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आली. सलाईनमधून साखर चालू होती, ह्युबर्टने मान उचलली होती. पण यकृताला धक्का पोचला का, ते दोन-तीन दिवसांनी कळणार. "मध दिलात ते बरं केलंत," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

जनेल भिंतीला टेकून बसली. "डॅड, मला माफ करा. तुम्ही मला विचारलंत तेव्हाही मी तोंड शिवून बसले. वय झालंय म्हणाले."

"मी तरी कुठे खरं बोललो? काही नाही खाल्लं म्हणालो."

"पण खाल्ल्या का नाहीत तुम्ही? इतक्या वाईट होत्या? सरळ सांगायचं ना!"

"सांगणार कसं? अशी डोळे फाडून बघत होतीस माझ्याकडे." व्हर्लिन आपल्या चिकट बोटांकडे बघत राहिले. "वाईट नव्हत्या गं. तुझ्या म्हणून दिल्या असत्यास तर मुकाट खाल्ल्या असत्या. तू तिच्या म्हणून दिल्यास. मी घास घेतला, आणि ती त्यात नव्हतीच. मला वाटलं, तू तर बघून शिकलीस, तू कशाला चुकशील? म्हणजे मीच विसरलो. वर्षसुद्धा झालं नाही आणि तिची चव गेली माझ्या तोंडातून. म्हणून दुसऱ्या मागितल्या. म्हटलं, आता तरी आठवेल. प्रत्येकीचा तुकडा तोडून बघितला. नाही आठवली. मग खाली दिल्या."

कुत्र्याच्या बाबतीत जनेलने अपराध केला होता, तो तिला दिसत होता, मोजताही येत होता. हा दुसरा, म्हाताऱ्याला स्वतःच्या आठवणीवरच शंका घ्यायला लावल्याचा, तिच्या गावीही नव्हता.

"तुम्ही विसरला नाहीत, डॅड. मीच बदललं सगळं."

"काय काय बदललंस?"

"मैदा नव्हता. बदामाचं पीठ होतं."

"रवाळ लागत होतं खरं."

"साखर नव्हती."

"जिभेला गार गार लागलं. तिच्या वड्या अशा कधी लागल्या नाहीत."

"ताक घालायची ती. मी नाही घातलं."

"हां." ते आता तिच्याकडे वळून बसले होते. "आणखी?"

जनेलने आठवून बघितलं. "जायफळ. जायफळ मी विसरले. ते मुद्दाम नव्हतं."

"जायफळ!" व्हर्लिननी मांडीवर हात मारला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "तेच म्हणतोय मी. पहिल्याच घासाला म्हटलं, जायफळ कुठाय?" त्यांनी बाहीने नाक पुसलं. "पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग, काय काय नव्हतं."

जनेलने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.