सोमवारचे घाणे

कोकम मलमाच्या नऊ घाण्यांपैकी चार घाण्यांत युजेनॉल निघालं: दहा लाखांत चौदा ते एकोणीस भाग. उरलेल्या पाचांत ते अजिबात नव्हतं. ज्या चारांत निघालं, त्या चारही घाण्यांचं खोबरेल सोमवारी कढवलेलं होतं.

डबीवरच्या घटकयादीत तीनच नावं होती: खोबरेल, कोकम तेल, मधमाश्यांचं मेण. खाली ठळक अक्षरांत ‘सुगंधविरहित’. युजेनॉल म्हणजे लवंगेला तिचा वास देणारं द्रव्य. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. काहींच्या त्वचेला होतो. चिपळूणच्या एका गिऱ्हाईक बाईंच्या ओठांवर फोड उठले, त्यांनी डबी परत पाठवली, आणि म्हणून तपासणी झाली. ती यादी रुचिका म्हात्रेने सही करून दिलेली होती. थळच्या या लहानशा कारखान्यात रसायनशास्त्र शिकलेली ती एकटीच.

“कमलेशच,” कारखान्याच्या मालकीणबाई गोदूताई म्हणाल्या. “सोमवारी मुंबईच्या लाँचने रेवसला उतरून इकडे दुसरं कोण येतं? दोन वर्षं माझ्या कानाशी भुणभुण चाललीय त्याची, वास नाही तर माल खपत नाही.”

“भुणभुण हा पुरावा नाही, ताई.”

“मग तू पुरावा लिहून दे. पुढच्या शुक्रवारी भागीदारीच्या करारावर सही करायला येतोय. तुझा कागद हातात असला तर त्याला धक्क्यावरूनच परत लाँचमध्ये बसवते.”

कमलेश माल मुंबईला पोहोचवी. आता त्याला कारखान्यात तिसरा हिस्सा मिळायचा होता. तो मिळणार की जाणार, हे रुचिकाच्या चार ओळींवर येऊन ठेपलं होतं.

संशय तिलाही होता. “एक थेंब लवंगतेल टाकलं तर कोणाला कळणार आहे, मॅडम?” असं कमलेश एकदा तिच्यादेखत म्हणाला होता. हसत म्हणाला होता. पण हसत म्हटलेलं माणूस विसरत नाही. तरीही, आपल्याला जे खरं निघावंसं वाटतं ते दुप्पट तपासायचं, ही तिची जुनी सवय होती. तिने प्रयोगशाळेकडून संपूर्ण आलेख मागवला. लवंगतेल असतं, तर युजेनॉलच्या सोबतीला लवंगेतली इतर द्रव्यंही दिसायला हवी होती. ती नव्हती. त्याऐवजी आलेखावर दुसऱ्याच द्रव्याचं एक अनोळखी टोक होतं, आणि त्यापुढे नाव होतं चॅविबेटॉल. शिवाय नागावहून सीलबंद आलेल्या सोमवारच्या डब्यातल्या तेलातही ही दोन्ही द्रव्यं सापडली. म्हणजे जे काही होत होतं, ते थळला माल पोहोचण्याआधीच होत होतं.

आणि कमलेश सोमवारी आधी नागावलाच जात असे, तेल कढवणाऱ्या नीराबाईंच्या वाडीत.

त्या सोमवारी रुचिका त्याच्याआधी तिथे पोहोचली. नीराबाईंनी नारळाच्या दुधाचं भलंमोठं पातेलं चुलीवर चढवलं होतं. थोड्या वेळाने कमलेश आला आणि ओट्यावर बसून विड्याच्या पानांच्या चळती मोजू लागला. नीराबाईंच्या सुपारीच्या झाडांवर पानवेली चढवलेल्या होत्या. ती पानंही तो मुंबईला नेत असे. रुचिकाची नजर त्याच्या हातांवरून हलेना. तासभर त्या हातांनी पानांखेरीज कशालाही स्पर्श केला नाही.

“आमच्या कमलेशभाईंचं लग्न ठरवताव का काय, ताई? कवाच्या निरखताय ते,” नीराबाई म्हणाल्या.

“मॅडम माझे खिसे तपासायला आल्यात,” कमलेश म्हणाला.

“त्याचसाठी आलेय,” रुचिका म्हणाली.

नीराबाईंनी ओट्यावरच्या चळतीतलं एक पान उचलून, देठाला धरून, पातेल्यात सोडलं. ते मऊ पडलं. त्यांनी ते झाऱ्याने काढून फेकलं. जरा वेळाने दुसरं पान, मग तिसरं.

“नीराबाई, तेलात काय काय टाकता?”

“काय न्हाय. निस्तं नारळाचं दूध.”

“आणि आता टाकलंत ते?”

“ते व्हय? ते टाकलं न्हाय, बघितलं. लोणी कढवताना न्हाय का बघत? पान मऊ पडलं तर आत पानी हाय. कुरकुरीत होऊन वर आलं की तेल झालं. सात-आठ लागतात.”

“ती आत राहत नाहीत?”

“सगली काढते की. मोजून दाखवू?”

पानं सगळी बाहेर होती, हे खरंच होतं. रुचिकाने फेकलेलं एक पान उचलून हुंगलं. त्याला तेलाचा वास होता. पानाचा फारसा उरला नव्हता.

“आणि बाकीच्या दिवशी?”

“पान सोमवारीच खुडतो आमी, ह्यांच्यासाठी. येरवी कापसाची वात बुडवून पेटवते. तडतडली न्हाय की उतरवते.”

कमलेशने चळत खाली ठेवली. “म्हणजे माझ्यामुळेच झालं म्हणायचं.”

“तुमच्या वारामुळे,” रुचिका म्हणाली.

एवढ्यावर तिने कागद लिहिला नाही. बुधवारी, कमलेश मुंबईत असताना, तिने नीराबाईंकडून एकाच दुधाची दोन पातेली कढवून घेतली, एक पानावर आणि एक वातीवर. शुक्रवारी सकाळी अहवाल आला. पानाच्या तेलात युजेनॉल आणि चॅविबेटॉल, विड्याच्या पानात असणारी ही दोन्ही द्रव्यं, होती. वातीच्या तेलात एकही नव्हतं.

कमलेशची लाँच रेवसला लागण्याआधी कागद गोदूताईंच्या हातात होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कराराची फाईल कपाटातून बाहेर काढली. कागदावर लिहिलं होतं:

‘चार घाण्यांतलं युजेनॉल विड्याच्या पानांतून आलं. तेलातलं पाणी आटलं का, हे पाहण्यासाठी पानं गरम तेलात सोडून काढली जातात. पान बाहेर येतं, त्यातला अर्क तेलात राहतो. पानं फक्त सोमवारी खुडली जातात. बाहेरून कोणी काही मिसळलेलं नाही. यादी मी तेल कढवताना न पाहता लिहिली होती, चूक माझी. त्या चार घाण्यांच्या यादीत विड्याच्या पानांचा अर्क आणि युजेनॉल ही नावं घालावीत, ‘सुगंधविरहित’ हा शब्द काढावा. विकल्या गेलेल्या डब्या परत मागवाव्यात. यापुढे तेल वातीवर पाहावं.’